भंगारात गेलेला कोबाल्ट

२६ फेब्रुवारी २०१० रोजी दिल्ली विद्यापीठाने रसायनशास्त्र विभागातलं जुनं, निकामी सामान लिलावात काढलं. त्यात ‘गॅमासेल २२०’ हे यंत्र होतं. कॅनडात बनलेलं हे यंत्र १९७० च्या सुमारास विभागात आलं. जाड शिशाच्या भिंतींचा एक जडशीळ पिंप, त्याच्या पोटात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या कांड्या आणि मधोमध नमुना ठेवायची छोटी कुपी, अशी त्याची रचना. रसायनांवर गॅमा किरणांचा मारा केला की काय घडतं, याचे प्रयोग त्यावर होत. ते प्रयोग करणारे प्राध्यापक निवृत्त झाले आणि १९८५ पासून यंत्र बंद पडून राहिलं. पंचवीस वर्षं त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. पोटातला कोबाल्ट मात्र आपलं काम करत होता. कोबाल्ट-६० चा किरणोत्सार दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. या हिशेबाने चाळीस वर्षांत मूळच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याइतकाच उरला होता. माणूस मारायला तेवढा पुरेसा होता.

लिलावात माल उचलणाऱ्याच्या दृष्टीने त्या यंत्रातली मौल्यवान गोष्ट म्हणजे शिसं. यंत्र पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात गेलं. जुन्या मोटारी, लेथ, पंप, तारा यांचे ढीग, हातोडे आणि गॅस कटर यांवर हा बाजार चालतो. काय फोडायचं आणि काय वेगळं काढायचं हे तिथल्या कामगाराच्या हाताला पक्कं ठाऊक असतं. मार्चमध्ये पिंप फोडला गेला, शिसं वेगळं झालं आणि आतल्या चकचकीत धातूच्या कांड्या दुकानातल्या इतर मालात मिसळल्या. काही तुकडे शेजारच्या दुकानात गेले. एका दुकानदाराने एक चमकदार तुकडा आपल्या पाकिटात ठेवला आणि ते पाकीट पँटच्या खिशात घालून तो वावरत राहिला.

किरणोत्साराचा मार लगेच दिसत नाही, हीच त्यातली सगळ्यात घातक गोष्ट आहे. आधी मळमळ, उलटी, जुलाब. काहीतरी बाधलं असेल, उन्हाचा त्रास असेल, असं समजून माणूस गोळी घेतो. एकदोन दिवसांत बरंही वाटतं. त्या बरं वाटण्याच्या काळात आत अस्थिमज्जा मरत असते. पुढे दोन-तीन आठवड्यांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, केस पुंजक्यांनी गळतात, जिथे धातू अंगाजवळ होता तिथली कातडी काळवंडते आणि फुटते. भाजल्याची अशी जखम, पण रोगी म्हणतो की मी कशानेच भाजलो नाही.

असा एक रोगी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीच्या एका खासगी रुग्णालयात दाखल झाला. कातडीचा रंग, गळालेले केस आणि रक्ताचे आकडे ही तिन्ही लक्षणं डॉक्टरांनी एकत्र पाहिली. किरणोत्साराचा संशय येण्याइतकं त्यांचं वाचन आणि जागरूकता होती. ७ एप्रिलला रुग्णालयाने अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं. मंडळाचं मुख्यालय मुंबईत, अणुशक्तीनगरला आहे. या सगळ्या प्रकरणात माझ्या मते निर्णायक क्षण तोच. तोवर भंगार बाजारात कांड्या उघड्या पडून महिना होत आला होता आणि देशाच्या एकाही यंत्रणेला त्याची चाहूल नव्हती.

कळल्यावर मात्र यंत्रणा हलली, आणि चांगली हलली. नियामक मंडळ आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसं मोजणीयंत्रं घेऊन मायापुरीत पोचली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी दिल्लीजवळच्या तळावरून आली. पोलिसांनी गल्ली बंद केली. अशा कामात धाडस कमी आणि घड्याळ जास्त लागतं. स्रोताजवळ कोण किती मिनिटं थांबणार हे आधी ठरतं, प्रत्येकाच्या छातीवरचा डोसमापक वाचला जातो, एकाचा वेळ संपला की दुसरा पुढे होतो. लोखंडाच्या ढिगाऱ्यात नेमका तुकडा कुठे आहे हे मोजणीयंत्राच्या काट्यावरून शोधायचं, लांब दांड्याच्या चिमट्याने उचलायचं आणि शिशाच्या जाड भांड्यात टाकायचं. पहिल्या दुकानात आठ स्रोत मिळाले, जवळच्या दुकानात दोन, आणि एक त्या पाकिटात. गोळा केलेला सगळा कोबाल्ट उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात सुरक्षित ठेवायला नेला.

सात जणांना उपचारांची गरज पडली. त्यांना मिळालेला डोस ०.४ ते ३.७ ग्रे असावा असा अंदाज निघाला. उपचार न मिळाले तर चार ग्रेच्या आसपासचा डोस निम्म्या माणसांचा जीव घेतो, एवढं सांगितलं की या आकड्यांचं वजन कळेल. २६ एप्रिलला त्यांतला एक कामगार ‘एम्स’मध्ये गेला. पस्तिशीतला माणूस, हातोड्यावर पोट असलेला. आपण काय फोडतो आहोत हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

हा माल आला कुठून, याचा शोध मधल्या काळात चालू होता. पहिला संशय परदेशावर गेला. आयात केलेल्या भंगारातून आला असेल, बंदरावर तपासणी ढिली पडली असेल, असं बोललं जाऊ लागलं. तो संशय अगदीच निराधार नव्हता. जेमतेम दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबर २००८ मध्ये, फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला होता. बटणं जोडणाऱ्या कारखान्यातल्या वीस कामगारांना सर्वसामान्य माणसासाठी ठरलेल्या वार्षिक मर्यादेपेक्षा जास्त डोस मिळाला होता. बटणांच्या पोलादाचा माग काढला तेव्हा धागा खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत पोचला. भंगाराबरोबर कुठला तरी स्रोत भट्टीत वितळला होता आणि त्याचं पोलाद होऊन जगभर गेलं होतं. मुंबई-पुणे रस्त्यावरून जाताना ज्या धुरांड्यांकडे आपण सवयीने पाहतो, तिथली ही गोष्ट. त्यामुळे मायापुरीच्या वेळी बंदरांकडे बोट दाखवणं सोपं गेलं. २८ एप्रिलला पोलिसांनी खरा उगम जाहीर केला, तेव्हा तो बंदरावर नव्हता. बाजारापासून काही किलोमीटरवर, देशातल्या नामांकित विद्यापीठात, रसायनशास्त्राच्या विभागात होता. किरणोत्सार म्हणजे काय हे जिथे शिकवलं जातं तिथून हा कोबाल्ट बाहेर पडला. कुलगुरूंनी नैतिक जबाबदारी स्वीकारली आणि माफी मागितली. नियामक मंडळाने विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस दिली.

आता प्रश्न पडतो तो हा की आपला देश या प्रसंगासाठी तयार नव्हता का? कागदावर तर होता. १९६२ चा अणुऊर्जा कायदा होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये नियामक मंडळ स्थापन झालं होतं. चेर्नोबिलनंतर, १९८७ मध्ये, अणुऊर्जा विभागाने आपत्कालीन व्यवस्थापन गट नेमला होता. किरणोत्सारी स्रोत परवानगीशिवाय विकता, हलवता किंवा टाकून देता येणार नाही, हे २००४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं. तारापूरसारख्या अणुवीज केंद्रांत तर तयारीची शिस्त कितीतरी जुनी आहे. केंद्राच्या आतल्या आणीबाणीचा सराव दर तिमाहीला, संपूर्ण आवाराचा वर्षाला, आणि आवाराबाहेरच्या गावांसह सराव दोन वर्षांतून एकदा. केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या टापूत कुठल्या गावाला कुठल्या रस्त्याने हलवायचं, आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवायच्या, शाळांचं काय करायचं, हे लिहून ठेवलेलं असतं. बाहेरच्या आणीबाणीची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असतात.

आणि फेब्रुवारी २००९ मध्ये, म्हणजे त्या लिलावाच्या बरोबर एक वर्ष आधी, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने अणु आणि किरणोत्सारी आणीबाण्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली होती. भाभा अणुसंशोधन केंद्राचे माजी संचालक बी. भट्टाचार्जी तेव्हा प्राधिकरणाचे सदस्य होते आणि हे काम त्यांच्या देखरेखीखाली झालं. त्यात अणुभट्टीतल्या अपघातांबरोबर हरवलेल्या स्रोतांचाही विचार होता. स्फोटकाला किरणोत्सारी पदार्थ बांधून केलेल्या घातपाताचाही होता. आपत्ती प्रतिसाद दलाच्या चार बटालियन किरणोत्सारी, रासायनिक आणि जैविक संकटांसाठी तयार करायच्या होत्या, रुग्णालयांतल्या डॉक्टरांना प्रशिक्षण द्यायचं होतं, पोलिसांच्या हाती मोजणीयंत्रं द्यायची होती. दस्तऐवज चांगला होता. मायापुरीत ज्या वेगाने काम झालं त्यात या तयारीचा वाटा आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण ती सगळी तयारी धोका कळल्यानंतरची होती. कळेपर्यंतचा काळ तिच्यात रिकामा होता, आणि माणूस मरतो तो त्या रिकाम्या काळात. हे जगाला तेवीस वर्षं आधीच कळून चुकलं होतं, ब्राझीलच्या गोयानिया शहरात. ती हकीकत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण मायापुरीत काय होऊ शकलं असतं ते तिच्यात दिसतं.

गोयानियातल्या एका खासगी किरणोपचार संस्थेने १९८५ च्या अखेरीस जागा बदलली. जाताना सीझियम-१३७ वापरणारं कर्करोगोपचाराचं जुनं यंत्र मागेच ठेवलं आणि परवाना देणाऱ्या अणुऊर्जा आयोगाला ते कळवलं नाही. इमारत अर्धवट पाडली गेली. १३ सप्टेंबर १९८७ ला दोन तरुण त्या पडक्यात शिरले आणि यंत्राचं मुंडकं हातगाडीवर घालून घरी घेऊन गेले. त्याच दिवशी दोघांना उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी अन्नाची ॲलर्जी असं निदान केलं. १८ तारखेला त्यांतल्या एकाने स्रोताच्या कुपीची पातळ खिडकी फोडली आणि माल एका भंगारवाल्याला विकला. त्या रात्री भंगारवाल्याला अंधारात निळा उजेड दिसला. त्याने ती वस्तू घरात आणली. पुढचे काही दिवस शेजारी, नातेवाईक, मित्र तो उजेड पाहायला येत होते. तांदळाच्या दाण्याएवढे कण त्याने प्रेमाने वाटले. काहींनी ती भुकटी कार्निव्हलच्या चमकीसारखी अंगाला चोळली. भंगारवाल्याच्या भावाने काही कण घरी नेऊन टेबलावर ठेवले आणि त्याच्या सहा वर्षांच्या मुलीने ते हाताळून तसंच जेवण केलं.

घरातली एकामागून एक माणसं आजारी पडताहेत आणि या सगळ्याचं मूळ ती वस्तू आहे, हे ओळखलं भंगारवाल्याच्या बायकोने. ती ना शास्त्रज्ञ होती ना अधिकारी. २८ सप्टेंबरला तिने उरलेला स्रोत पिशवीत घातला, दुकानातल्या एका नोकराच्या खांद्यावर दिला आणि दोघं सार्वजनिक बसमधून शहराच्या आरोग्य कार्यालयात गेले. नोकराच्या खांद्याला त्या प्रवासात भाजलं. तिथल्या डॉक्टरच्या टेबलावर ती पिशवी ठेवून, ही वस्तू माझ्या माणसांना मारते आहे, असं तिने सांगितलं. डॉक्टरांना धास्ती वाटली आणि त्यांनी पिशवी अंगणात एका खुर्चीवर नेऊन ठेवली. ती तिथे दुसऱ्या दिवसापर्यंत पडून होती.

दुसऱ्या दिवशी, उष्णकटिबंधीय रोगांच्या रुग्णालयातल्या एका डॉक्टरच्या शंकेवरून, एका वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाला बोलावण्यात आलं. त्याच्याकडे मोजणीयंत्र नव्हतं. युरेनियमचे साठे शोधणाऱ्या सरकारी कार्यालयातून त्याने ते उसनं आणलं. आरोग्य कार्यालय अजून लांब असतानाच यंत्राचा काटा शेवटाला जाऊन टेकला, यंत्र कुठल्याही दिशेला वळवलं तरी तसाच. यंत्र बिघडलं आहे असं समजून तो परत गेला आणि दुसरं घेऊन आला. दुसऱ्याचाही काटा तिथेच. तो पोचला तेव्हा अग्निशमन दलाची माणसं ती पिशवी उचलून नदीत टाकायच्या बेतात होती. त्याने त्यांना थांबवलं. चौऱ्याण्णव ग्रॅमहूनही कमी वजनाचं, पाण्यात सहज विरघळणारं सीझियम क्लोराइड त्या नदीत गेलं असतं तर गोयानियाचं पुढे काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

त्यानंतर शहराच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये डिसेंबरपर्यंत सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीराच्या आत सीझियम सापडलं. चौघांचा त्या ऑक्टोबरातच मृत्यू झाला. ती सहा वर्षांची मुलगी त्यांत होती, आणि पिशवी घेऊन आरोग्य कार्यालयात गेलेली ती स्त्रीही. मुलीच्या दफनाला लोकांनी दगडांनी विरोध केला, कारण स्मशानभूमी दूषित होईल अशी त्यांना भीती होती. सात घरं जमीनदोस्त करावी लागली. गोयास राज्यातल्या माणसांना इतर शहरांत हॉटेलात खोली मिळेना, तिथला शेतमाल कुणी विकत घेईना. आपण दूषित नाही असे दाखले हजारो लोकांना सरकारकडून घ्यावे लागले. किरणोत्सारी आणीबाणीत घबराटीचाही बंदोबस्त करावा लागतो, हे तिथे प्रथम इतक्या ठळकपणे दिसलं.

मायापुरीत यातलं बरंचसं टळलं. त्याचं श्रेय व्यवस्थेला देण्याआधी पदार्थाच्या गुणधर्माला द्यावं लागेल. कोबाल्ट हा घट्ट धातू. त्याची भुकटी होऊन हवेत उडत नाही, कपड्यांना चिकटून घरोघर जात नाही, पाण्यात विरघळत नाही. जिथे तुकडा तिथे धोका, आणि तुकडा उचलला की धोका संपला. विद्यापीठाच्या त्या यंत्रात सीझियमची भुकटी असती, तर बंद करायला एक गल्ली पुरली नसती. दाट वस्तीच्या पश्चिम दिल्लीत तपासणीसाठी किती स्टेडियम लागली असती ते वाचकांनीच ठरवावं. किरणोत्सारी दुर्घटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर गोयानियाची नोंद पाचव्या पातळीवर झाली आणि मायापुरीची चौथ्या.

मायापुरीनंतर हालचाली झाल्या. देशभरातल्या विद्यापीठांना आपल्या जुन्या किरणोत्सारी साधनांचा शोध घेऊन कळवायला सांगितलं गेलं. पुढे नियामक मंडळाने परवान्यांची संगणकीय प्रणाली आणली. तिच्यात स्रोताची खरेदी, ठिकाण आणि विल्हेवाट यांची नोंद एकाच जागी राहते. बंदरांवर आणि पोलिसांच्या गाड्यांवर मोजणीयंत्रं बसवण्याच्या योजनांना जोर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा होत्या, त्यानेही घाई वाढवली. परंतु ऑगस्ट २०१२ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी अवघड प्रश्न विचारले. देशातल्या सगळ्या किरणोत्सारी स्रोतांची तपशीलवार यादी मंडळाकडे नाही, आणि निकामी स्रोतांची विल्हेवाट खरोखर नीट लागते का हे पडताळायची पक्की व्यवस्था नाही, असा त्यांचा ठपका होता. मायापुरीचा दाखला त्यात होताच. कुठे काय आहे हेच ठाऊक नसेल तर हरवलं कधी हे कळणार कसं, हा साधा मुद्दा कामगाराचा जीव गेल्यानंतर दोन वर्षांनी लेखापरीक्षकांना मांडावा लागला, याचा राग यायला हवा.

नवे स्रोत आता नोंदीत येतात, ही समाधानाची बाब आहे. चिंता जुन्यांची आहे. साठ-सत्तरच्या दशकांत विज्ञानाच्या उत्साहाने आपल्या विद्यापीठांनी, रुग्णालयांनी, कारखान्यांनी परदेशातून यंत्रं आणली. आणणारे निवृत्त झाले, कागद वाळवीने खाल्ले, कंपन्यांची नावं बदलली. सीझियमचा किरणोत्सार निम्मा व्हायला तीस वर्षं लागतात, म्हणजे त्या काळचा स्रोत आजही जिवंत आहे. खोलीचं कुलूप बदललं म्हणून तो शांत होत नाही. किरणोत्साराची खूण म्हणून वापरलं जाणारं तीन पाकळ्यांचं चिन्ह सामान्य माणसाला कळत नाही, हे ओळखून २००७ मध्ये कवटी आणि पळणारा माणूस असलेलं नवं लाल चिन्हही आलं. पण ते लागणार नव्या यंत्रांवर. १९७० सालच्या पिंपावर कोण लावणार?

म्हणून हा लेख वाचणाऱ्यांपैकी जे महाविद्यालयात विभागप्रमुख आहेत, रुग्णालयाचे व्यवस्थापक आहेत, कारखान्यात भांडारपाल आहेत, त्यांना हात जोडून विनंती आहे. निकामी सामानाच्या यादीवर सही करण्यापूर्वी ती खोली स्वतः उघडून पाहा. विनाकारण जड वाटणारं शिशाचं भांडं, पुसट झालेलं पिवळं चिन्ह, कुणाला आठवत नसलेलं परदेशी यंत्र दिसलं, तर त्याला हात न लावता अणुशक्तीनगरच्या नियामक मंडळाला कळवा. अशी साधनं परत घेऊन सुरक्षित ठेवण्याची सोय देशात आहे. आणि डॉक्टरांनी, भंगाराचं काम करणारा माणूस न भाजताच भाजल्याची जखम घेऊन आला, तर त्याच्या खिशात काय आहे हे पहिल्या भेटीतच विचारावं.